शेवटची मात्रा रिकामी

ह्यात मीठमसाला काही नाही. घडलं ते माझ्या सख्ख्या मावसबहिणीसोबत, भर दुपारी, चारही भिंतींना स्पंज ठोकलेल्या एका खोलीत. खोटं वाटलं तर वाटो. मला कोणाकडून शाबासकी घ्यायची नाही.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून टीव्हीवरच्या मालिकेला संगीत द्यायचे. एका मालकाच्या स्टुडिओत बसून कॉम्प्युटरवर रचायचे. भावाला लहानपणापासून दमा. छाती सदानकदा सूं-सूं वाजायची, म्हणून घरात सगळे त्याला 'भाता' म्हणायचे. तोही हाकेला ओ द्यायचा.

त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ताल-सुरांचा एकेक ठोकळा बनवायचा. त्याला पॅटर्न म्हणतात. मग त्याच्या नकला गाण्यात हव्या तिथे मांडत जायच्या. ठोकळे ढिगानं होतात. कॉम्प्युटर त्यांना नुसते आकडे देतो, आणि कोणता आकडा कशाचा, हे रचणाऱ्यालाही आठवत नाही. भात्यानं त्यावर तोड काढली होती. स्वतःचे ठोकळे तपकिरी, ताईचे निळे. आणि नाव असं द्यायचं, की वाचताक्षणी कानात वाजलं पाहिजे. 'गळका नळ'. 'काकू जिना उतरते'. 'मालकाची चप्पल'.

त्याच्या प्रत्येक ठोकळ्यात शेवटची मात्रा रिकामी असायची.

"अगं, श्वास घ्यायला जागा नको?" तो हसायचा. "मला नाही, गाण्याला!"

गाण्याला मिळाली. त्याला नाही मिळाली.

"मालक, दार जरा उघडं ठेवू का? कोंडल्यासारखं होतंय."

"बाहेरचा आवाज येतो. तुझ्या छातीची पिपाणी काय कमी आहे?"

दार बंदच राहिलं.

त्या दुपारी ताई चहा आणायला गेली. परत आली तर भाता टेबलावर वाकलेला. हेडफोन कानावर. पडद्यावर त्याचा ठोकळा फिरतोय... शेवटची मात्रा रिकामी... पुन्हा पहिल्यापासून... रिकामी...

छाती वाजत नव्हती.

मालकानं फुलं आणली. भारीतली. ती सुकायच्या आत त्यानं ताईला कामावर बोलावलं.

"वाईट झालं. पण टायटल्समध्ये त्याचं नाव नको आता. उद्या त्याच्या घरचे हक्क सांगत येतील."

"त्याच्या घरची म्हणजे मीच ना?"

"तेच म्हणतोय. तू तर आपलीच." मालक खुर्चीत रेलला. "आणि शीर्षकगीतात ते शेवटी भोक काय ठेवलंय? माणसाला वाटतं टीव्ही बंद पडला. बुजव ते."

ताईला फक्त एवढंच हवं होतं, की भात्याचं नाव एकदा पडद्यावर दिसावं. पण ती उठून गेली असती, तर मालकानं त्या खुर्चीत दुसरा कोणी बसवला असता, आणि त्यानं भात्याचं सगळंच पुसलं असतं. दात-ओठ खात ती बसली.

तपकिरी ठोकळा निळा केला. त्याचं 'भाता झोपलाय' हे नाव खोडलं. शेवटच्या मात्रेवर ढोलाचा एक ठोका ठेवला.

रागाच्या भरात एक गोष्ट विसरली. ठोकळ्याच्या सगळ्या नकला एकमेकींना बांधलेल्या असतात. एकीत बदल केला की सगळ्यांत होतो. एकटी बदलायची तर आधी तिला सोडवावं लागतं. तिनं सोडवली नाही. शीर्षकगीत, रडण्याचे प्रसंग, हसण्याचे प्रसंग... सगळीकडची भोकं एका फटक्यात बुजली.

तिनं गाणं लावलं.

शेवटची मात्रा आली...

ढोल वाजला नाही.

सूं...

ताईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. लांबूनही ऐकू येत होतं. पडद्यावर ढोलाचा ठोका जागच्या जागी. तिनं ढोलाचा आवाज बंद केला. मग सगळ्या वाद्यांचा.

शांतता... शांतता...

सूं...

तेवढ्यात मालक आत आला. दोन वेळा ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "वा! आता कसं जिवंत वाटतंय! राहू दे."

मालिका लागली. लोकांना तो श्वास फार आवडला. मालक मुलाखतींत सांगत फिरला, ही कल्पना माझी. मेलेल्याचा श्वाससुद्धा ह्या माणसानं स्वतःच्या नावावर करून घेतला!

पुढे एकदा मालकाचा फोन आला. बोलता बोलता तो मधेच थांबायचा... आणि सूं.

"जिना चढून आलो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसूनही तेच. ताईला ताल ओळखता येणार नाही? बरोबर शेवटच्या मात्रेवर...

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मालक ताईसमोर येऊन बसला. चेहरा पांढराफटक.

"काढ ते."

"का? कल्पना तुमचीच ना?"

"नाव घाल त्याचं. मोठं घाल. पण काढ बाई."

ताईनं ठोका काढला. ठोकळ्याला तपकिरी रंग दिला. नाव परत लिहिलं, 'भाता झोपलाय'. मात्रा होती तशी रिकामी झाली. गाणं लावलं. सूं गेलं होतं.

मालकानं सुटकेचा श्वास घेतला. घेतला... घेतला...

आणि शेवटच्या मात्रेवर त्याची छाती थांबली.

एक मात्राभर. मग सुरू झाली. मग पुन्हा थांबली.

अजून तसंच चाललंय. भात्याचं नाव रोज टायटल्समध्ये येतं. खोलीला आता दार नाही, मालकानं बिजागऱ्यांसकट उपटून टाकलंय. काही उपयोग नाही.

मी ताईला विचारलं, "तू ती रिकामी जागा अजून लांब केलीस तर?"



"माऊसनं ओढली की होते लांब," ती म्हणाली. "मनात आलं होतं. खोटं कशाला सांगू? पण मी हात लावला नाही रे..."

"मग झालं तर."

"आज सकाळी प्रोजेक्ट उघडला." तिचा आवाज खाली गेला. "कालच्यापेक्षा लांब आहे ती."