झाम्बेताची दाढ

पोलिदोरोस त्या ग्रीक बेटावरचा एकुलता एक दंतवैद्य. तीस वर्षं त्याने अख्ख्या गावाचे जबडे निगुतीने सांभाळले आणि बायकोला, झाम्बेताला, तेवढं उद्यावर ढकललं.

झाम्बेताच्या खालच्या डाव्या दाढेपाशी हाड झिजलं होतं. बाकीच्या दातांभोवती ते वयाप्रमाणे सारखं उतरलेलं. इथे मात्र मुळाला लागून सरळ खड्डा, सात मिलिमीटर खोल. "ईस्टर झालं की करू," तो म्हणायचा. "मी नंबर लावून येऊ का रे तुझ्याकडे?" ती हसायची. अशी चार ईस्टर गेली. मग एके दिवशी तिचं हृदयच थांबलं, आणि राहिलं ते राहूनच गेलं.

तीन वर्षांनी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, हाडं धुऊन पेटीत ठेवायला थडगं उघडलं. धाकटी मेव्हणी कालिरोई एकेक हाड लाल वाइनने धुऊन पांढऱ्या कापडावर ठेवत होती. खालचा जबडा तिने त्याच्या हातात दिला. त्यानेच बसवलेला सोन्याचा दात उन्हात चमकला. त्याला भडभडून आलं. "माफ कर गं," तो पुटपुटला. हात सवयीने कोटाच्या खिशात गेला. हिरड्यांची खोली मोजायची सळई तिथे कायम असायची.

सळई आत जाईना.

त्याने पुन्हा लावून पाहिली. दाढेच्या गळ्यापर्यंत हाड भरून आलं होतं, गुळगुळीत आणि घट्ट.

"काय झालं, भावजी?"

"खड्डा भरलाय."

"मग चांगलंच की. बरी झाली ताई."

हाड भरतं ते जिवंत माणसाचं. त्याने जबडा कापडावर ठेवला.

दवाखान्यात येऊन त्याने झाम्बेताची जुनी एक्स-रे फिल्म काढली. फिल्म उलटी धरली तर डाव्याचं उजवं दिसतं. नवखा असताना त्याने ती चूक केली होती. पण बाजू ओळखायचा कोपऱ्यातला खुणेचा उंचवटा जिथल्या तिथे होता. बाजू डावीच.

तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या डाव्या हिरडीत ठसठसलं.

त्याने स्वतःच्या तोंडात फिल्म धरून एक्स-रे काढला. फिल्म धुऊन पाण्यातून काढली आणि दिव्यापुढे धरली.

खड्डा. सात मिलिमीटर.

दोन्ही फिल्म एकावर एक ठेवल्या. खड्ड्याची कड कडेला जुळली.

संध्याकाळी कालिरोई श्राद्धाचे उकडलेले गहू घेऊन आली. त्याने गालाला हात लावलेला पाहून म्हणाली, "अथेन्सला जाऊन दाखवून या ना."

"ईस्टर झालं की," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने जीभ हळूच त्या दाढेपाशी नेली. तिथे लाल वाइनची चव होती. दिवसभरात त्याने थेंबही घेतला नव्हता.