चष्मेवाल्याची टाच

सायकलवरून लांब निघालेला गावातला चष्मेवाला दुकानात शिरला तेव्हा त्याच्याकडून होण्यासारखा फायदा अगदी सरळ होता – मागच्या चाकाला दोन पिशव्या, पुढच्याला दोन, वर पावसाची आवरणं. बाबा म्हणायचे, "लांब निघालेलं गिऱ्हाईक भित्रं असतं. त्याला ‘लागलंच तर?’ एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं."

सायकलींचं दुकान बाबांचं. सायकलला लावायच्या पिशव्या त्यांची मुलगी शिवायची. रिकामी पिशवी मात्र ती विकत नसे. न्यायचं ते सगळं सामान आणायचं, भरायचं, आणि दुकानामागचा चढ चढून दाखवायचा.

चष्मेवाल्याने चढावर दोन-चार पायडल मारली आणि – टक्. टक्. टक्.

"टाच लागतेय पिशवीला," ती म्हणाली. "पाय केवढे हो तुमचे!"

"लोक डोळे बघतात माझे."

"लोकांना पिशव्या विकायच्या नसतात."

तिने पिशव्या मागे सरकवल्या. टाच सुटली, पण भार मागे गेला आणि पुढचं चाक डुलायला लागलं... मग तिने सामानच उपसायला घेतलं. घडीची खुर्ची. दोन जाडजूड कादंबऱ्या. आणि –

"इस्त्री?"

"कॉलर चुरगळली की मला काही सुचत नाही."

"मग आत्ता काय सुचतंय?"

कॉलर चुरगळलेलीच होती. चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला.

उद्या सामान कमी करून आणतो म्हणाला, आणि जास्तच घेऊन आला. परवा त्याहून जास्त. धंद्याच्या नजरेने पाहिलं तर सोन्यासारखं गिऱ्हाईक! पण तिला भलताच प्रश्न छळायला लागला – ह्या माणसाला जायचंय तरी का? रविवारी निघतो म्हणायचा. तिच्या पिशव्या समुद्रापर्यंत, बर्फापर्यंत जाऊन आल्या होत्या. ती त्या चढापलीकडे कधी गेली नव्हती. आता हाही जाणार, आणि मागे राहणार ती नि तिची शिलाई मशीन.

शनिवारी तिने पिशवी उघडली तर तळाशी आरसा. नवा चष्मा चढवून गिऱ्हाइकं ज्यात तोंड बघतात तो, त्याच्या दुकानातला.

"हा कशाला?"

"मागून कोण येतंय ते बघायला."

"आणि कुणीच येत नसेल तर?"

"तेच... तेच विचारायला रोज येतोय."

तिने आरसा ओढणीने पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला.

"एका सायकलला झेपणार नाही एवढं," ती हळूच म्हणाली.

"मग काय ठेवून जाऊ?"

"काही ठेवू नकोस." तिचं ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं ते तिलाच कळलं नाही. "दोन पिशव्या माझ्या सायकलला लाव. इस्त्री मात्र तुझी तू वाहायची!"

आतून बाबांनी हाक मारली, "घेतल्या का गं चारही?"

"चारही गेल्या, बाबा!"

"शाब्बास, पोरी!"

शाब्बासकी कशाला दिली ते बाबांना जेवताना कळलं. घास हातात तसाच राहिला. मग म्हणाले, "ब्रेक तपासून घे," आणि पाणी प्यायले.

शेवटी हिशेब असा लागला: चष्मेवाल्याने पिशव्यांचे पैसे चोख दिले, आणि नफा दोघांनी चढापलीकडे नेला. किंमत मोजली ती बाबांनी. माल खपला, माल शिवणारी मालाबरोबर गेली. सोमवारी ते स्वतःच मशीनवर बसले, सुईत दोरा ओवायला गेले, आणि त्यांच्या ध्यानात आलं – आपल्या चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि चष्मेवाल्याच्या दुकानाला कुलूप आहे.