ब्राझीलहून आलेली सभ्य विनंती

"पान मी कापलं नाही हो!" बोग्ना सिकोरा दारातूनच म्हणाली. ओली छत्री मिटायचंही तिला भान नव्हतं.

रेजिना वोल्स्काने तिला बसवलं आणि चहाचा ग्लास पुढे केला. पोलंडमधल्या तार्नुव्ह शहरात खासगी तपास करण्यात रेजिनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटा दीर टिटुस मदतीला असे. म्हणजे बहुतेक वेळा खसखशीचा केक संपवायला.

बोग्ना वंशशोधक मंडळात होती. परदेशी गेलेल्यांची नातवंडं पूर्वजांची चौकशी करत आणि ती मंडळात ठेवलेल्या चर्चच्या जुन्या वह्या चाळून फुकट उत्तरं देई. ब्राझीलच्या कुणा आनाने १८८९ सालच्या बाप्तिस्म्याची नोंद मागितली होती. चर्चच्या पायरीवर सापडलेल्या मुलाची ती नोंद बोग्नाने उतरवून पाठवली. आणि आता वहीतलं नेमकं तेच पान गायब!

"वही शेवटी मीच हाताळली होती. आज संध्याकाळी मला मंडळातून काढणार. आई गेल्यापासून तीच माणसं माझं घर आहेत."

रेजिनाने आनाची विनंती मोठ्याने वाचली. ‘मी नवखी आहे, यातलं काही कळत नाही. फक्त इग्नात्सी हे एकच नाव, साल १८८९. आडनाव ठाऊक नाही. झालेस्ये गावच्या चर्चची वही पाहून झाली आहे, तिथे नाही; तिथे उगाच श्रम घेऊ नयेत. सवडीने कळवावं. खर्च येईल तो देईन.’

"किती गुणी बाई!" टिटुस म्हणाला.

"जरा जास्तच गुणी," रेजिना म्हणाली.

मंडळाच्या खोलीत चिटणीस ओटिलिया ब्रिक फणकारली. "बोग्नाचं खिडकीजवळचं टेबल मला हवंय, कबूल! पण जुनी वही कापण्यापेक्षा मी स्वतःचं बोट कापीन."

पुस्तकं बांधणारा हुबेर्ट खांदे उडवत म्हणाला, "सुरी माझीच असेल. पण ती इथेच पडलेली असते, कुणीही उचलावी."

अध्यक्ष केम्पा आपल्या वंशवृक्षाखाली बसले होते. वर सोनेरी कुळचिन्ह होतं. टिटुस नावं वाचू लागला, "यान, इग्नात्सी, फेलिक्स... सगळेच मिशाळ दिसतात!"

"सरदार घराणं आहे," केम्पा म्हणाले. "आणि वह्या कशा जपाव्या ते मला विचारा. झालेस्येचा पाद्री माझ्याशिवाय कुणासाठी कपाट उघडत नाही. या पोरीने मात्र मंडळाचं नाक कापलं!"

संध्याकाळी सभा भरली. केम्पा ठराव मांडणार तोच रेजिना उठली.

"बोग्ना, नवखा माणूस कसं विचारतो?"

"‘आमच्या घराण्याचं असेल नसेल ते सगळं पाठवा, उद्याच्या उद्या!’"

सभा खो खो हसली.

"आणि ही आना एकच नाव, एकच साल मागते. आधी कुठे शोधलं तेही सांगते, दुसऱ्याला हेलपाटा नको म्हणून. ही रीत मंडळात मुरलेल्या माणसाची. नाव खोटं घेतलं, पण अंगवळणी पडलेली सभ्यता काही सुटली नाही. आता झालेस्येचं कपाट कुणासाठी उघडतं, केम्पासाहेब? आणि तुमच्या वृक्षावरचा इग्नात्सी खरंच गढीत जन्मला का?"

केम्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण पान तर जाळलंच असणार!" टिटुस म्हणाला.

"हे जुना कागद जाळतील? अरे, जन्मभर तेच जपत आलेत."

केम्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून पान काढलं. ते पातळ कागदात नीट गुंडाळलेलं होतं.

"आजोबा पायरीवर सापडलेले," ते पुटपुटले. "नोंद कुठल्या वहीत आहे ते स्वतःच्या नावाने विचारायची लाज वाटली. उद्या आणखी कुणी ती नोंद मागितली असती, तर लोकांना काय तोंड दाखवलं असतं?"

"मला विचारलं असतंत, तर मी कुणापाशी अवाक्षर काढलं नसतं," बोग्ना म्हणाली. "आणि तुम्ही मलाच चोर ठरवलंत!"

"चुकलो, पोरी."

"मला नका सांगू. यांना सांगा."

केम्पा सभेकडे वळले. पान आपणच कापलं, बोग्ना निर्दोष आहे, असं त्यांनी सर्वांसमोर स्पष्ट सांगितलं. ओटिलियाने ठरावाचा कागद टराटरा फाडला.

बोग्नाने डोळे पुसले. मग तिने एक खुर्ची पुढे ओढली.

"बसा. त्या पायरीवर बाळ ठेवणारी आई कोण होती, ते कळायला हवंय ना तुम्हाला? मग विचारा. पण या खेपेला स्वतःच्या नावाने."

केम्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं.