डावीकडचा मी

"निगेटिव्ह चोरीला गेली, भाऊ. आणि तिच्याबरोबर माझे बाबा," कुंदाबाई म्हणाल्या. हार घातलेली तसबीर त्यांनी टेबलावर ठेवली.

जळगावात खासगी तपास करणारा माणूस एकच, जीवराम. एरवी त्याच्याकडे हरवलेली म्हैस, नाहीतर पळालेला जावई. त्याचा सोबती वना, एसटीचा निवृत्त कंडक्टर, तिकीट तपासावं तसा तसबिरीवर वाकला.

फोटो धूसर होता. एक डाकोटा विमान, नाक उजव्या हाताला, शेपटीजवळ उघडं दार, दारापाशी दोन तरुण. डावीकडचा तरुण उजवा हात उंचावून खळखळून हसत होता. उजवीकडच्याचा चेहरा बुरशीनं गिळलेला.

"हसताहेत ते बाबा, अभिमन. विमानांचे मेकॅनिक. मी पोटात असताना विमान डोंगरावर आदळलं. आई बाळंतपणात गेली. अमळनेरला मावशीनं वाढवलं, तिनं बाबांना कधी पाहिलंच नव्हतं. बाबांच्या शेवटच्या पत्रात ही निगेटिव्ह होती. 'डावीकडचा मी,' एवढं लिहिलेलं. मावशीनं एका शिकाऊ फोटोवाल्याकडून छापून घेतली."

"उजव्या हाताचं बोट आखूड दिसतंय," वना म्हणाला. "बुरशीनं खाल्लं."

"बुरशी इतकं मोजून खात नाही, वना. आणि बाई, हा दुसरा कोण?"

"लीलाधरकाका म्हणतात, कुणी हमाल असेल. काका बाबांचे मित्र, दोघं एकत्र नोकरीला होते. लग्न केलं नाही त्यांनी. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी बाबांच्या नावानं घागर भरते, तेव्हा पितर म्हणून जेवायला काकाच बसतात. पण तसबिरीकडे पाठ करून. बघवत नाही त्यांना."

धुळ्याचे तोतारामभाऊ जुन्या प्रवासी विमानांचे घरोघरचे फोटो जमवत होते. रतिलालभाईंच्या स्टुडिओत ते साफ करून प्रदर्शनात लावायचे होते. कुंदाबाईंनीही निगेटिव्ह दिली होती.

"बत्तीस वर्षांची झाले मी. आखाजीच्या आत एकदा बाबांचा चेहरा स्वच्छ बघायचाय, बस्स."

स्टुडिओत रतिलालभाई रडकुंडीला आले होते. "निगेटिव्ह धुऊन वाळत टांगली होती. छापायची बाकी होती. चकचकीत बाजू कोणती, मळकट कोणती, बघून लावावी लागते. शिकाऊ पोरं उलटी लावून मोकळी होतात. दुपारी तोतारामभाऊ आणि लीलाधरभाऊ आले. मी चहा सांगायला गेलो, तेवढ्यात गायब!"

"तसबीर?"

"शेजारीच होती. तिला हातसुद्धा लावला नाही."

जीवराम नुसता "हं" म्हणाला.

तोतारामभाऊ तर उखडलेच. "अरे, मला विमान हवं होतं! चोरायचंच असतं तर ती तसबीर उचलली नसती? ओली निगेटिव्ह घेऊन मी काय चाटू?"

लीलाधर पिंप्राळ्यात एकटेच राहत. डाव्या हातानं त्यांनी बशी पुढे केली. पहिलं बोट अर्धंच होतं.

"कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं, लहानपणी."

"डाकोटात माणसं कुठून चढायची, आबा?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मागून, डाव्या कुशीतून. आमच्या विमानांना उजवीकडं दारच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी जीवरामनं सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं.

"चोरानं तसबीर सोडली आणि निगेटिव्ह नेली," तो म्हणाला, "कारण तसबीर खोटं बोलते. बघा, विमानाचं नाक उजव्या हाताला, म्हणजे आपल्याला त्याची उजवी कूस दिसायला हवी. त्या बाजूला दार नसतं, आणि इथं तर ते उघडं आहे. म्हणजे शिकाऊ पोरानं निगेटिव्ह उलटी लावली. पत्रातला डावीकडचा तसबिरीत उजवीकडे गेला. आखूड बोटसुद्धा खरं तर डाव्या हाताचं."

वनानं लीलाधरांच्या हाताकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

"रतिलालभाईंनी निगेटिव्ह नीट छापली असती, तर बाईंना कळलं असतं की आपण हार कुणाला घालतो. ते एका माणसाला नको होतं. तसबिरीकडे पाठ करून जेवणाऱ्याला."

लीलाधरांनी खिशातून निगेटिव्हचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"माय, तो हार मनाच शे, माझाच," ते म्हणाले. "त्या फेरीवर ड्युटी माझी होती. मी मुलगी बघायला गावी आलो, तो माझ्या जागी चढला. पुढं तू सहा वर्षांची असताना तसबीर दाखवून म्हणालीस, 'हे माझे बाबा, बघा कसे हसतात.' कुठल्या तोंडानं सांगू? तुझ्या घरी माझ्याच मरणाचं जेवत होतो, तेच बरोबर वाटायचं."

कुंदाबाईंनी पाकीट उचलून रतिलालभाईंच्या हाती दिलं.

रतिलालभाईंनी लाल दिव्याखाली कागद रसायनात हलवला. बुरशी धुतलेला चेहरा हळूहळू वर आला. ओठ मिटलेले, लाजलेला, कान बाहेर आलेले. कुंदाबाईंचा हात आपल्या कानाकडे गेला आणि त्या हुंदके देऊन रडू लागल्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी तसबिरीचा हार काढला.

"जिवंत माणसाला घालू नये, काका. आखाजीला या. पण आता बाबांकडे तोंड करून बसायचं." मग तसबिरीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हे हसू मात्र माझं होतं. वाटायचं, बाबांनी मला पाहिलं असतं तर असेच हसले असते."

"तुझंच आहे ते," लीलाधर म्हणाले. "फोटो निघता निघता तो माझ्या कानात म्हणाला होता, लीला, घरी पाळणा हलणार आहे. तो लाजला आणि मी हसलो."