स्क्रीन तुमच्याकडे

मंगळवारी टिटवाळ्यात देवळाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. नेहमीच्या दुकानापर्यंत पोहोचणं काही जमेना, म्हणून देवयानी समोर दिसलं त्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली. लॅपटॉप छातीशी घट्ट धरलेला.

दुकान विनीतचं. लॅपटॉप उघडताच कॅमेऱ्यावर चिकटवलेली टिकली त्याला दिसली. तो हसला नाही, आणि तेवढ्यानेच तिला बोलायचा धीर आला. लाइट बिलाच्या नावाने कुणाचा तरी फोन आलेला, त्याच्या सांगण्यावरून तिने एक ॲप टाकलं, आणि काल दुपारी माउसचा बाण आपोआप फिरायला लागला… मग कॅमेऱ्याचा दिवा लागला. ती तेव्हा केस विंचरत होती. तिने तिथल्या तिथे कपाळावरची टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली होती.

विनीतने दोन मार्ग सांगितले. फायली तशाच ठेवून लॅपटॉपमधूनच रीसेट करायचं. झटपट होतं, पण आत काही दडून बसलं असेल तर खात्री नाही. नाहीतर फोटो, कागदपत्रं काढून घ्यायची आणि सगळं पुसून पेन ड्राइव्हवरून नवं विंडोज टाकायचं.

"दुसरं," ती म्हणाली. "पण… लॅपटॉप मी ठेवून जाणार नाही. आणि आतलं कुणी बघायचं नाही."

दुधाने तोंड पोळलं होतं, ती ताकही फुंकणारच. विनीतने लॅपटॉप फिरवून स्क्रीन तिच्याकडे केली.

"तुम्हीच करा. काय येतंय ते वाचा, मी सांगतो."

तिने फोटो, कागदपत्रं एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. मग ती वाचत गेली, तो सांगत गेला. डिलीटपाशी ती थांबली.

"सगळं जाईल?"

"जाईल. घाई नाही… मी आहे."

तिने हळूच वर पाहिलं. तो मान अवघडून मुद्दाम रस्त्याकडे बघत होता. आपल्याकडे न बघण्यासाठी कुणी एवढे कष्ट घ्यावेत, याची तिला आधी गंमत वाटली, मग ते फार आवडलं. तिने बटण दाबलं.

मध्येच स्क्रीन काळी झाली, तशी ती खुर्चीतून अर्धी उठली. "दहापर्यंत मोजा," तो म्हणाला. सातलाच उजेड आला.

"झालं. पासवर्ड मात्र आजच बदला."

"कालपासून मला सगळ्यांची भीती वाटतेय," ती म्हणाली. "तुमची नाही वाटत."

आता त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं. "मला मात्र वाटायला लागलीय."

"कसली?"

"लॅपटॉप ठीक झाला ना… आता तुम्ही परत कशाला याल?"

देवयानीने लॅपटॉप पिशवीत घातला.

"उद्या येते," ती म्हणाली. "काम काढून नाही… अशीच."