ती म्हणाली, स्वल्पविराम

यात मीठमसाला काही नाही, आधीच सांगते. उलट मावशीने सांगितलं त्यातलं थोडं मी गाळलंय. 

आणि भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कोणी सांगितलं? हे घडलं भरदुपारी. मंगळवारी. छापखान्याच्या मागच्या खोलीत.

मावशी आणि काका दोघंही प्रूफं तपासायचे. काका समोर बसून हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, अगदी विरामचिन्हांसकट. मावशी छापील प्रूफावर चुका दुरुस्त करायची. बावीस वर्षं हेच. घरीसुद्धा काका ओरडायचे, "चहा, स्वल्पविराम, साखर कमी, पूर्णविराम!" आम्ही पोरं हसून हसून लोळायचो.

काका गेले. दोन वर्षं मावशी एकटीच तपासत राहिली. समोरची खुर्ची तिने कोणाला हलवू दिली नाही.

मग छापखान्यातल्या बाइंडरने तिला लग्नाचं विचारलं. त्याचीही बायको गेलेली. भला माणूस. "मला घाई नाही हो, वयाला आहे," म्हणाला. "हातातली कादंबरी बांधून झाली की मी हे गाव सोडतोय. एकट्याने जायचं की दोघांनी, तेवढं सांगा."

मावशीला हो म्हणायचं होतं. मनापासून. पण जीभ रेटेना.

कादंबरीही नेमकी तसलीच होती. नवरा गेलेल्या, पार मोडून पडलेल्या बाईची. शेवटी एक माणूस दारात येऊन विचारतो, "आत येऊ?" आणि शेवटची ओळ... ती म्हणाली, हो.

मावशी लाजत बाइंडरला म्हणाली, "पुस्तकाची शेवटची ओळ वाचा. तेच माझं उत्तर."

तो लहान पोरासारखा हसला म्हणे.

त्या मंगळवारी फक्त शेवटचं पान तपासायचं राहिलं होतं. वीज गेली. मशीन थांबलं. मशीनवाला जेवायला गेला.

खोलीत चिडीचूप...

मावशीने हस्तलिखित घ्यायला डावीकडे हात नेला. तिथे ते नव्हतं.

ते समोर होतं. रिकाम्या खुर्चीपुढे. उघडं.

मग कोणीतरी घसा साफ केला...

"तो दाराशी उभा होता, पूर्णविराम."

काकांचा आवाज!

 मावशी पळाली नाही. रडत रडत म्हणाली, "अहो, थांबू नका... वाचत राहा."

आवाज वाचत राहिला. तिचा हात आपोआप प्रूफावर चालू लागला. शेवटची ओळ आली.

"ती म्हणाली, स्वल्पविराम..."

मावशीचं पेन प्रूफावरच्या 'हो'पाशी येऊन थांबलं.

"नाही. पूर्णविराम."

प्रूफावर 'हो' होतं. हस्तलिखितातही 'हो'च होतं, तिला ते पाठ होतं. पण चुकताय असं म्हटलं आणि आवाज गेला तर?

तिने 'हो'वर काट मारली. समासात 'नाही' लिहिलं.

वीज आली. मशीनवाला आला. "द्या बाई, एवढ्यासाठीच अडलं होतं," म्हणत त्याने तिच्या हाताखालून पान नेलं. तिने अडवलं नाही. ती कान देऊन बसली होती.

तीन दिवस तशीच बसली. हस्तलिखिताचं तेच पान वाचायची, थांबायची, विनवायची. "एकदाच बोला हो. एकदाच."

खुर्ची गप्प.

चौथ्या दिवशी ती भानावर आली आणि धावत बाइंडिंगच्या खोलीत गेली. पुस्तकांचे गठ्ठे बांधून तयार होते. बाइंडर पहाटेच गेला होता. कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं.

"काही म्हणाले का?" तिने मशीनवाल्याला विचारलं.

"नाही. शेवटचं पान तेवढं फिरून फिरून वाचत होते."

मला एक मात्र अजून कळत नाही. काकांनी दवाखान्यात माझ्यासमोर मावशीचा हात धरून सांगितलं होतं, "एकटी राहू नकोस." आणि बावीस वर्षांत त्यांनी एक शब्द चुकीचा वाचला नव्हता.

मग त्या दुपारी वाचलं कोणी?

मी मावशीला हे विचारलं. ती पांढरीफटक पडली.

"तो त्यांचा आवाज नव्हता असं म्हणू नकोस गं," ती म्हणाली. "नाहीतर मी कोणासाठी 'नाही' लिहिलं?"