ताई म्हणणारा

दुपारी आम्ही तिघं मेंदूतले संकेत वाचणारी टोपी घेऊन दादाच्या वॉर्डात गेलो. टोपी आमच्याच कॉलेजात, तीन शाखांनी भांडत भांडत बनवलेली. तारा विजेचं शिकणाऱ्या तारवाल्याच्या, पडद्यावरची अक्षरं भाषा शिकणाऱ्या व्याकरणीची आणि मेंदूचं बघणारी मी. अक्षरं एकेक करून उजळतात. हवं ते उजळलं की मेंदू दचकतो आणि ते अक्षर खाली उमटतं.

अपघातापासून दादा श्वासाच्या नळीवर होता. ती संध्याकाळी काढायची, असं घरच्या मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं, काकांनी कागदावर सहीही केली होती. मला न विचारता, अर्थातच.

"पोरखेळ नुसता," काका दारातूनच म्हणाले. "त्याला सुखाने जाऊ दे."

"आणि तो आत असेल तर? बोलला तर?"

"बोलला तर तुझ्या पाया पडेन."

"पाया नका पडू. सही मागे घ्या."

मी दादाच्या केसांत गार, चिकट जेल भरलं, टोपी चढवली आणि पडदा त्याच्या अर्धवट उघड्या डोळ्यांसमोर ठेवला. नळी फुसफुसत होती. स्पिरिटच्या वासाखाली कुठून तरी आंबूस दुधाचा वास येत होता...

पडद्यावर उमटलं: ताई.

व्याकरणीने टाळी वाजवली. मी नाही. दादा माझ्याहून मोठा. तो मला बोक्या म्हणतो, फार लाडात आला तर बावळट. ताई कधीच नाही.

"शब्द आपोआप पुरा करणारी सोय बंद कर," मी पुटपुटले.

"ती चालूच केली नाहीये गं."

"दादा... तूच ना?"

अक्षरं सावकाश येत राहिली.

दादा झोपलाय. खूप खाली.

तारवाल्याने माझा दंड घट्ट धरला.

"मग... तू कोण?"

इथे ऊब आहे. नळी काढू नका.

"काय गं, बोलला का?" काकांनी दारातून विचारलं.

खरं सांगितलं तर दादा संध्याकाळी जाणार. नाही सांगितलं तर नळी राहणार, पण कोणासाठी?

"हो," मी म्हणाले. "नळी काढू नका म्हणाला."

काका रडतच डॉक्टरांकडे धावले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं, आणि मी त्यांना जाऊ दिलं.

पडदा पुन्हा उजळला.

ताई, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही टोपी घाला. माझी आई तिथे आत आहे.

आम्ही माना वळवल्या. कित्येक महिने निपचित पडलेल्या आजोबांचा हात खाटेच्या कठड्यातून बाहेर आला होता. तळवा वर, बोटं हळूहळू मिटत, उघडत... रांगत्या पोराला जवळ बोलवावं तशी.